स्टार एअर : लहान विमानांचं गणित

बंगळुरूतल्या पीण्याच्या कारखान्यांना लागून तुमकूर रस्ता जातो, तोच पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर गाठतो. कास्टिंग पाहायला कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्रीत निघालेला इथला कारखानदार वर्षानुवर्षं रात्रीच्या स्लीपर गाडीने गेला. स्टार एअर या विमान कंपनीला गिऱ्हाईक मिळवायचं होतं ते या गाडीतून. काम सोपं नव्हतं. पीण्याहून देवनहळ्ळीचा विमानतळ गाठायलाच तासभर जातो, आणि जवळपास तेवढ्याच वेळात विमान बेळगावला उतरतं.

कंपनी संजय घोडावत समूहाची, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपूरच्या मंडळींची. 25 जानेवारी 2019 रोजी बंगळुरूहून हुबळी-तिरुपतीची सेवा सुरू झाली. तीन महिन्यांच्या आत जेट एअरवेज बंद पडली आणि पुढच्या वर्षी कोविडने सगळ्यांचीच विमानं जमिनीवर बसवली. त्यात बंगळुरूचा अनुभवही धीर देणारा नव्हता. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन 2003 मध्ये इथूनच निघाली. एक रुपयाच्या तिकिटाने तिने रेल्वेचा उतारू विमानात बसवला, पण पसरण्याच्या घाईला तिजोरी पुरी पडेना. ती किंगफिशरमध्ये विरली आणि 2012 मध्ये किंगफिशरही थांबली.

घोडावतांनी आकडा लहान ठेवला. मोठ्या कंपन्यांची 180 आसनी विमानं जिथे भरणार नाहीत, तिथे 50 आसनांचं एम्ब्राएर जेट न्यायचं. आधार घेतला तो केंद्राच्या उडान योजनेचा. तीत ठरावीक जागांच्या भाड्याला मर्यादा असते. त्या बदल्यात तीन वर्षं अनुदान मिळतं आणि त्या मार्गावर दुसरं कुणी येत नाही. मात्र ही मुदत संपल्यावर काय होतं, ते सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2023 मध्ये सांगितलं. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 मार्गांनी तीन वर्षं पुरी केली आणि त्यानंतरही टिकले अवघे 54. अनुदानाच्या भरवशावर काढलेली कंपनी कंपनी नव्हेच, असं माझं मत होतं. हे आकडे पाहून ते पक्कं झालं.

स्टार एअरने मात्र हातपाय पसरले. 2022 मध्ये कोल्हापूर-मुंबई, 2024 मध्ये नांदेड. 2023 पासून ताफ्यात 76 आसनांची विमानं आली, त्यात 12 बिझनेस क्लासची. पण या आकारात ती एकटी नाही: इंडिगोच्या एटीआरमध्ये 78 आसनं असतात, आणि ती विमानं बेळगाव-कोल्हापूरलाही उतरतात.