बांधणीची परीक्षा : बोरघाटातील पूल आणि ‘एक्सझेड’ प्रकरण

आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या भागातून वर चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या या कामावर सरकारी अभियंत्यांची देखरेख होती. तरीही १८६७ च्या जुलैत घाटातील एक मोठा कमानदार पूल कोसळला, आणि त्याचे कारण निकृष्ट दगडकामात आढळले. मंजूर झालेला आराखडा आणि प्रत्यक्ष उभी राहिलेली वास्तू या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीची तपासणी दुसरीस पुरी पडत नाही. हेच तत्त्व २०२४ साली सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नव्याने प्रत्ययास आले.

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणासही वाचता येतो, आणि त्याच्या विश्वासार्हतेचा आधार हाच मानला जातो. परंतु संगणकावर चालतो तो सोर्स कोड नव्हे, तर त्यापासून बांधलेला प्रोग्राम. ही बांधणी, म्हणजे या व्यवसायातील ‘बिल्ड’, कशी करावी याच्या सूचना स्वतंत्र फायलींत असतात. शिवाय वितरणासाठी तयार होणाऱ्या गठ्ठ्यात यंत्राने निर्माण केलेल्या हजारो ओळींच्या फायली घालण्याचा प्रघात जुना आहे. त्यामुळे सार्वजनिक भांडारातील संहिता आणि वितरित गठ्ठा यांत काही फरक असणारच, असे गृहीत धरले गेले. नेमक्या याच गृहीताचा फायदा घेण्यात आला.

‘एक्सझेड युटिल्स’ हे माहितीचा संक्षेप करणारे साधन लासे कोलिन हे दीर्घकाळ जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कोणी उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२ साली अन्य काही नावांनी कोलिन यांच्यावर काम संथ चालल्याबद्दल दडपण आले, आणि टॅन यांस हळूहळू सहव्यवस्थापकाचे अधिकार मिळाले. त्या नावामागे कोण होते, हे उघड झालेले नाही.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० ही आवृत्ती आणि ९ मार्च रोजी ५.६.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या दोन संक्षिप्त फायलींत दडविलेला होता. भांडारात तो सर्वांसमोर होता, पण निष्क्रिय होता. त्यास जागे करणारी ‘बिल्ड-टू-होस्ट’ या फायलीतील बदललेली ओळ मात्र भांडारात नव्हती. ती केवळ वितरित गठ्ठ्यात होती. डेबियन वा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात असेल तरच ती यंत्रणा कार्यान्वित होई. काही वितरणांत दूरस्थ प्रवेशाची एसएसएच सेवा अप्रत्यक्षपणे हेच ग्रंथालय वापरीत असल्यामुळे, विशिष्ट किल्ली बाळगणाऱ्यास सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालविता आल्या असत्या.

शोध लागला तो पॅकेजच्या तपासणीतून नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एसएसएच प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्यांनी त्याचा माग काढून २९ मार्च रोजी प्रकरण उघडकीस आणले. तोवर डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या पूर्वआवृत्तीत हे पॅकेज शिरले होते. डेबियनची स्थिर आवृत्ती बचावली.

यावरून निघणारा निष्कर्ष केवळ ‘अधिक दक्षता घ्यावी’ एवढाच नाही. एकाच सामग्रीतून तंतोतंत तीच बांधणी पुन्हा करून पाहण्याचा जो प्रयत्न डेबियनमध्ये २०१३ पासून चालू आहे, तो मोलाचा खरा; परंतु गठ्ठाच दूषित असेल, तर पुनर्बांधणीही तितकीच तंतोतंत दूषित होईल. म्हणून आवृत्ती बदलताना गठ्ठा भांडाराशी ताडून पाहणे आणि बांधणीच्या सूचनांतील प्रत्येक बदलाचे प्रयोजन विचारणे अगत्याचे ठरते. किती बारकाईने, तेही याच प्रकरणात दिसते : दुसऱ्या एका बांधणी-फायलीत घातलेल्या एकाच टिंबामुळे ‘लँडलॉक’ ही संरक्षक सोय उपलब्ध आहे की नाही, याची चाचणी नेहमी फसत असे, आणि ती सोय गुपचूप वगळली जाई. ते टिंब भांडारात उघड होते. तरीही कोणाच्या लक्षात आले नाही.

केन टॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग व्याख्यानात हाच धोका मांडला होता : संकलक प्रोग्रामच दूषित असेल, तर निर्दोष सोर्स कोडपासूनही दूषित प्रोग्राम निपजतो. चाळीस वर्षांनी तो इशारा वेगळ्या वाटेने खरा ठरला. मात्र तांत्रिक त्रुटीइतकेच कारण मनुष्यबळाचेही होते. असंख्य सर्व्हर ज्या साधनावर विसंबून होते, त्याचा भार एका थकलेल्या माणसावर होता, आणि मदतीस आलेल्या हाताची पारख करण्यास दुसरे कोणी नव्हते. घाटातील पुलाचा दोष पूल पडल्यावर कळला. येथे तो आधी कळला, पण अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने अस्वस्थ होणारा एक मनुष्य भेटला म्हणून. परीक्षेची पद्धत अशा योगायोगावर सोपविता येत नाही.