खुंटावरचा गुलाब

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीच्या वर्गात एकदा ‘गुल’पासून होणारे शब्द फळ्यावर लिहून घेत होतो. गुलदान, गुलदस्ता, गुलकंद आणि गुलाब. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, अशी फोड केली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, मग गुलाब म्हणजे फूल नाही ना? पाणी झालं!’’

वर्ग हसला, पण पोराचे बरोबर होते. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणीच. फुलाला तिथे नुसते ‘गुल’ म्हणतात, आणि ज्या सुगंधी गुलाबी फुलाचे पाणी काढतात त्याला इराणात आजही ‘गुले-मुहम्मदी’ हे नाव आहे. उर्दूत आणि मराठीत मात्र पाण्याचे नाव फुलाला मिळाले. त्यामुळे ‘गुलाबपाणी’ म्हणताना आपण पाणी दोनदा म्हणतो. हाच शब्द अरबीत गेला तेव्हा ‘ग’चा ‘ज’ होऊन ‘जुलाब’ झाला. आधी तो गोड औषधी सरबताला लावत. पुढे हकिमांच्या हातून तो पोट साफ करण्याच्या औषधापर्यंत आला आणि मराठीत त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊकच आहे. हे सांगितल्यावर त्या दिवशीचा तास हसण्यातच गेला. आमच्या मनात मात्र परसातला गुलाब घोळत राहिला, कारण त्याच्या नावातही अशीच गंमत झाली होती.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या मुखाशी. अंगण लहान, भोवती जांभ्या दगडाचा गडगा, पलीकडे माड आणि मग समुद्र. माती हातभर, खाली कातळ. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. गुलाबाला हे दोन्ही सोसत नाही. मुळाशी पाणी थांबले की मुळे कुजतात, पाने ओली राहिली की काळे ठिपके पडून गळतात, आणि खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात.

तरीही आम्मांना दारात गुलाब हवा होता. तालुक्याच्या गावातल्या एका नर्सरीतून मोठ्या लाल फुलाचे, डोळा भरलेले कलम आणले. नर्सरीवाल्याने बजावले होते, ‘‘डोळ्याच्या खालून खुंटाला फुटवे येतील, ते मोडत जा. तो जंगली असतो. वाढू दिला तर कलमाला खाऊन टाकील.’’ आम्ही आज्ञाधारकपणे दर आठवड्याला फुटवे मोडत राहिलो. दुसऱ्या पावसाळ्यात कलम शेंड्याकडून काळे पडत खाली आले आणि मेले. मग मोडायचे तरी कशासाठी? आम्ही हात आवरला. दसऱ्यानंतर त्याच फुटव्यांवर कळ्या आल्या. फूल मध्यम, रंग गुलाबी, पाकळ्या सैल. पण वास असा की पडवीतून आम्मा उठून आल्या. म्हणाल्या, ‘‘अरे, हा तर आमच्या नानीच्या दारातला गावठी गुलाब!’’

शेतकीची पदवी घेतलेल्या आमच्या एका मित्राने फूल पाहून सांगितले की हा ‘एडवर्ड’. आपल्या देशात विलायती जातींचे डोळे भरायला याचा खुंट वापरतात. तामिळनाडूत याला पन्नीर गुलाब म्हणतात. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. आम्मांचा गावठी आणि नर्सरीवाल्याचा जंगली असा हा गुलाब मुळात कुठला, याचा शोध घेत आम्ही निघालो आणि पोचलो हिंदी महासागरातल्या एका बेटावर.

मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचे फ्रेंच बेट आहे. त्या काळी त्याचे नाव बोरबॉन होते. तिथले शेतकरी शेताच्या बांधाला गुलाबाचे कुंपण करीत. कुंपणात दोन जाती असत : चीनकडून आलेला, वर्षभर फुलणारा गुलाबी गुलाब आणि दमिश्कचे नाव मिरवणारा, सुगंधी दमास्क गुलाब. दोघांचा आपोआप संकर होऊन कुंपणात एक निराळे रोप उगवले. एदुआर पेरिशों नावाच्या मळेवाल्याला ते वेगळे वाटले. 1817 साली तिथल्या वनस्पती उद्यानावर आलेल्या ब्रेओं या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याची ओळख पटवली आणि पुढे बी पॅरिसला पाठवले. तिथून ‘बोरबॉन’ गुलाबांचे घराणे सुरू झाले. एदुआरचा आपल्याकडे ‘एडवर्ड’ झाला.

म्हणजे हा मुळातच समुद्रकाठच्या कुंपणातला. असली दमास्क गुलाबाला थंडी लागते. तो बहुतेक वर्षातून एकदाच, वसंतात बहरतो. त्याला कोकणात लावून उपयोग नाही. एडवर्डने बापाकडून वास घेतला म्हणा, आईकडून पुन्हापुन्हा फुलण्याची सवय घेतली म्हणा, म्हणून तो उष्ण दमट हवेत तग धरतो.

बरे, दमास्क तरी मूळचा दमिश्कचा का? 2000 साली जपानी संशोधकांनी त्याची जनुके तपासली, तेव्हा त्याचे पूर्वज एक नाही, तीन निघाले, आणि त्यांतला एक मध्य आशियातला. आम्ही मूळ शोधत गेलो आणि प्रत्येक मुळाखाली आणखी मुळे निघत गेली.

इथे आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. बी.एड.च्या वर्षी सरावपाठासाठी एका शाळेत गेलो होतो. तिथल्या एका शिक्षकांनी आपुलकीनेच विचारले, ‘‘मराठी छान बोलता. मूळ गाव कुठलं?’’ गाव सांगितले. ते म्हणाले, ‘‘ते झालं हो, पण त्याच्या आधीचं?’’ आजोबांचे, पणजोबांचे गाव सांगितले. तेही तेच होते. त्यांचे समाधान झाले नाही. आम्हीही गप्प बसलो. पुढे वाचन वाढले तेव्हा उत्तर सापडले, पण ते गुरुजी पुन्हा भेटले नाहीत.

उत्तर असे. हिजरी 304, म्हणजे इसवी सन 916च्या सुमारास अल-मसूदी हा अरब इतिहासकार सैमूरला, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. राष्ट्रकूटांच्या सत्तेखालचा हा मुलूख. तिथल्या राजाचे त्याने लिहिलेले नाव शिलाहार झंझाचे मानले जाते. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे मसूदी लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले. पण त्याने आणखी एक शब्द नोंदला आहे, ‘बयासिरा’. त्याचा अर्थही तोच देतो : हिंदमध्येच जन्मलेले मुसलमान. हजार वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत इथे जन्मलेल्यांसाठी स्वतंत्र शब्द आहे, इतकी त्यांची वस्ती तेव्हाच जुनी होती. काही माणसे समुद्रावरून आली, पुष्कळ घराणी इथलीच होती, आणि घरात बोलली जाणारी कोकणी बोली आयांनी दिली.

यातले सिराफ हे फारसच्या किनाऱ्यावरचे बंदर. त्याच फारस प्रांतातले जूर, म्हणजे आजचे फिरोजाबाद, गुलाबपाण्यासाठी सर्वदूर गाजलेले. इब्न खलदूनने अब्बासी महसुलाची एक जुनी यादी दिली आहे. तीत फारसकडून येणाऱ्या वस्तूंमध्ये गुलाबपाण्याच्या 30,000 बाटल्या आहेत. सिराफच्या गलबतांतून माणसे चौलला उतरली, तेव्हा त्यांच्या सामानात अशी एखादी बाटलीही असणार, असे म्हणायला हरकत नसावी. ते फूल आपल्या किनाऱ्यावर जगणारे नव्हते. बाटलीतले पाणी मात्र येऊ शकत होते. ‘गुलाब’ या शब्दाची फोड करताना आम्हाला आता ती बाटली दिसते.

आता आमच्या झाडाविषयी. पश्चिमेकडून जास्वंदीचा आडोसा केला. कातळावर दीड हात उंच वाफा रचून त्यात लाल माती, कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड घातली. वारा फार सुटला तर पहाटे पानांवर गोडे पाणी मारतो, म्हणजे मीठ धुऊन जाते आणि उन्हात पाने लवकर सुकतात. पावसाळ्यात ठिपक्यांची पाने वेचून जाळतो. पाऊस सरला की छाटणी. याहून जास्त त्याने काही मागितले नाही.

फुले उजाडण्यापूर्वी तोडावी लागतात. ऊन चढले की वास उडतो. सत्तर-ऐंशी फुले जमली की आम्मा टोपात पाकळ्या आणि पाणी घालतात, मधोमध वाटी ठेवतात, झाकण उलटे घालून त्यावर थंड पाणी ओततात. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून वाटीत थेंबथेंब उतरते. कनोजचे कारागीर तांब्याची देग आणि भपका लावून हेच काम करतात. वाटी निवल्यावर कधीकधी वर तेलाची पुसटशी साय दिसते. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिले आहे की नूरजहाँच्या आईने गरम गुलाबपाण्यावरचा असाच तवंग गोळा केला आणि त्यातून गुलाबाचे अत्तर हाती आले. त्याला ‘इत्रे-जहांगिरी’ नाव मिळाले. किलोभर अत्तराला साडेतीन-चार हजार किलो फुले लागतात. आमच्या वाटीत अत्तराचा एक थेंबही निघायचा नाही. पण गेल्या रमजान ईदेला शिरखुर्म्यात आणि गुलाबदाणीत घरचेच पाणी होते.

त्यानंतर एके दिवशी आम्ही एक फूल आणि एक लहान बाटली घेऊन वर्गात गेलो. फूल दाखवून म्हणालो, ‘‘हा गुल.’’ बाटली उघडून म्हणालो, ‘‘आणि हा गुलाब.’’ मागच्या बाकावरचा तो मुलगा उठून पुढे आला, त्याने दोन्हींचा वास घेतला आणि विचारले, ‘‘सर, हा आपल्याकडचाच ना?’’

आम्ही त्याला बेटाची, दमिश्कची, चीनची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकून त्याने पुन्हा तेच विचारले. आम्ही ‘हो’ म्हणालो. छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या अकरा काड्या मुलांना वाटल्या. चार जगल्या. त्यातली एक त्याच्या दारात आहे. कलम न केलेली, स्वतःच्या मुळांवर.