दम धरणारी काच

१८६० साली थांबायचं नाही, नुसतं डोकावायचं. मे सरत आलाय, जी.आय.पी. रेल्वेचे रूळ जेऊर मागे टाकून सोलापूरच्या दिशेनं निघालेत आणि तापलेल्या रानावर वळिवाचं आभाळ भरून आलंय. कॅमेऱ्याची पेटी तुमच्याकडे आहे, पण काच ओली. कलोडियन फासून चांदीच्या द्रावणात बुडवलेली काच ओली असते तोवरच चित्र घेते, आणि इकडच्या उन्हाळ्यात ती बघता बघता वाळते. तंबूत शिरून दुसरी तयार करेपर्यंत आभाळ पुढच्या केम गावाकडे सरकलेलं. वीज टिपायला चपळ हात लागतो, ही समजूत इथंच सोडून द्या. लागते ती दम धरणारी काच.

म्हणून १८८३ला या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हस्त नक्षत्र. जेऊर ठेसनाच्या फलाटाच्या टोकाला तुम्ही तिपाई रोवलीय. बरोबर जिलेटिनच्या कोरड्या काचा आहेत. त्या महिनोन्‌महिने पेटीत पडून राहतात आणि कितीही वेळ वाट पाहतात. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १८८२ मध्ये, फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्सनं असल्याच काचेवर वीज धरली. ही बातमी जेऊरला कुणाला ठाऊक असणार? इथं सगळ्यांचं लक्ष पावसाकडे. मागच्या मोठ्या दुष्काळाला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत, आणि ज्वारीची पेरणी याच ओलीवर. तुम्ही मात्र मनात म्हणताय, अर्धा तास थांब बाबा.

दिवस मावळतो. उजेड असेतो भिंगावरची टोपी काढायची नाही, नाहीतर काच नुसती काळवंडेल. अंधार दाटला की टोपी काढायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. भिमेच्या अंगाला ढग आतून उजळतोय. मास्तरांच्या खोलीत तारयंत्र कुणी हात न लावता टकटकायला लागतं. दूरच्या विजेचा धक्का तारेतून आत येतोय. मास्तर खुर्ची मागे ओढतात. पोर्टर धावत येतो.

"अवो रावसाहेब, तारंच्या खांबापाशी नगा हुबं ऱ्हाऊ!"

त्याचं बरोबर आहे. तिपाई उचलून तुम्ही मालगुदामाच्या पडवीत येता. वारा सुटलाय, तिपाईचा एक पाय डुगडुगतोय, आणि तेवढ्यात कडाड! रूळ, बाभळी, उभ्या गाड्यांचे बैल, सगळं पांढरंफेक. टोपी लावा. झालं.

आता गुदामाचं दार बंद करा. पोर्टरकडून हातबत्ती मागून घ्या आणि तिची लाल काच पुढे फिरवा. ही जिलेटिनची काच तांबड्या उजेडाला जवळजवळ आंधळी असते, त्यामुळे गाडी थांबवायची बत्ती तुमच्या कामाला येते. (गार्डानं पाहिलं तर काय, ते मास्तर बघून घेतील.) चित्र उमटवणाऱ्या पायरोच्या द्रावणात काच हलवत राहा. आधी काहीच नाही. मग एक काळी रेघ. हो, काळीच, कारण काचेवर उजेड काळा उमटतो. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या काढत आले तशी ती कोनाकोनांची नागमोडी नाही. बाभळीच्या मुळीसारखे तिला बारीक फाटे फुटलेत. आणि नीट बघा, रेघ एक नाही. शेजारी शेजारी तीन आहेत, वळणासकट एकसारख्या.

तिपाई हलली म्हणून काच फेकू नका. एका विजेत त्याच वाटेनं बहुधा तीन-चार झोत लागोपाठ उतरतात. मधे साधारण सेकंदाचा विसावा भागच जातो. डोळ्याला ते नुसतं लुकलुकणं वाटतं. कॅमेरा हलला की ते सुटे होतात. पुढे भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बॉइझनं मुद्दाम फिरत्या भिंगांचा कॅमेरा केला, आणि १९३०च्या दशकात शॉनलंड या संशोधकानं दक्षिण आफ्रिकेत त्यावर दाखवलं की वीज ढगातून टप्प्याटप्प्यानं, सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या ढांगा टाकत खाली येते आणि लखलखाट होतो तो जमिनीकडून वर जाताना. तुमच्या पडवीतल्या डुगडुगत्या पायानं झोत अनेक असतात एवढं तरी आधीच सांगितलंय.

फिल्मचा जमाना पटकन ओलांडू: शटर 'बी'वर, म्हणजे दाबून धराल तोवर उघडं, छत्तीस फोटो, आणि धुऊन येईपर्यंत जीव टांगणीला.

आज मे महिन्यात तुम्ही चिखलठाणवरून कुगावच्या काठाला येता. १९८०मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि इथली नदी यशवंतसागर झाली, त्यामुळे आता एका विजेच्या दोन मिळतात, एक आभाळात, एक पाण्यात. आयएसओ १००, छिद्र एफ ८, फोकस लांबच्या दिव्यावर धरून पक्का, पंधरा सेकंदांची फ्रेम, आणि एकामागून एक फ्रेम घेणारा टायमर. फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप इशारा देतंय. लखलखाटापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा तिसाच्या आत आला की उघड्या काठावर थांबायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. गाडीत बसा, काचा वर करा. कॅमेरा भिजेल म्हणून पुन्हा उतरू नका, त्याला प्लास्टिक गुंडाळलंय. जेऊरच्या चौकातून घेतलेली भजी अजून गरम आहेत.