वाघ चार, बकऱ्या वीस

बुद्धिबळाचा पट मांडला, की दोन्ही बाजूंना राजा असतो, वजीर असतो आणि सैन्यही तोलामोलाचे असते. वाघ-बकरीच्या पटावर असा न्याय नाही. वाघाला मारण्याची मुभा आहे, बकरीला ती नाही. मग बकऱ्या घेऊन बसायला कोण तयार होईल, असे वाटते. परंतु नेपाळपासून तामिळनाडूपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या माणसे हौसेने बसत आली आहेत.

नेपाळात या खेळाला ‘बाघचाल’ म्हणतात. पाच आडव्या व पाच उभ्या रेघांची २५ घरे होतात. त्यांतील १३ घरांवरून तिरप्या रेघाही जातात. चार कोपऱ्यांत ४ वाघ बसवावेत. पहिली खेळी बकरीची. कोणत्याही रिकाम्या घरी एक बकरी मांडावी. मग एका वाघाने रेघेवरून एक घर चालावे. शेजारी बकरी असून तिच्या पाठीमागचे सरळ रेघेतले घर रिकामे असेल, तर वाघाने उडी घेऊन ती खावी. २० बकऱ्या मांडून होईपर्यंत एकीलाही जागचे हलता येत नाही. ५ बकऱ्या गेल्या, की वाघ जिंकला. चारही वाघ कोंडले, की बकऱ्या जिंकल्या.

सारे मर्म त्या पाठीमागच्या घरात आहे. नवखा खेळाडू पटाचा मध्य अडवायला धावतो आणि बकऱ्या गमावतो. जाणता आधी कडेची घरे धरतो. कारण कडेच्या बकरीवरून वाघाला कडेकडेनेच उडी घेता येते. एकटी बकरी म्हणजे वाघाचा घास. पाठीशी दुसरी उभी राहिली, की तिचीच भिंत होते.

दक्षिणेत पट त्रिकोणी, डोंगरासारखा. त्यावर ३ वाघ व १५ बकऱ्या. तामिळ लोक त्यास ‘आडु पुलि आट्टम्’ म्हणतात, तेलुगू ‘पुलि-मेका’. कोळशाने आखलेला पट पावसाने पुसला जातो. म्हणून अशा खेळांचा इतिहास पोथ्यांपेक्षा दगडांवर अधिक सापडतो. देवळांच्या फरसबंदीवर कोणा रिकामटेकड्यांनी कोरलेले पट आजही दिसतात. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ साली पुरा करवून घेतलेल्या खेळांच्या सचित्र ग्रंथात हाच २५ घरांचा पट आहे. त्यावरील एक खेळ सशाला घेरण्याचा! एकट्याला अनेकांनी कोंडण्याची गंमत तिकडेही ठाऊक होती.

या शतकाच्या पहिल्या दशकात सिंगापूरचे लिम यू जिन आणि स्वित्झर्लंडचे युर्ग निव्हरगेल्ट यांनी बाघचालीचा छडा संगणकाने लावला. उत्तर असे, की दोघांनीही चूक केली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे वरवर दिसणारा तो अन्याय पटावर नव्हताच. चार बळवंतांना वीस दुबळ्या, पुऱ्या तोलाच्या आहेत. मात्र त्यांनी एकमेकींची पाठ सोडता कामा नये.

या दिवाळीत फराळाची ताटे उचलल्यावर अंगणात रांगोळीशेजारी खडूने पट आखा. वाघांना चार खडे, बकऱ्यांना वीस चिंचोके पुरेत. घरातल्या धाकट्याला वाघ द्या आणि बकऱ्या आपण घ्या. हरलात, तर कोणती पाठ उघडी राहिली, ते तोच दाखवून देईल.