मानसोपचारातील गैरवर्तन व सेवार्थीचे कायदेशीर उपाय (भारत)

मानसोपचार किंवा समुपदेशन घेणाऱ्या व्यक्तीचा (सेवार्थीचा) उपचारकाने लैंगिक वा आर्थिक गैरफायदा घेणे, गुप्तता मोडणे, अंगी नसलेली पात्रता मिरवणे किंवा उपचार मध्येच टाकून देणे, यांविरुद्ध भारतात उपलब्ध असलेले मार्ग. या सर्व प्रकारांना कवेत घेणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. जे आहे ते वैद्यक, पुनर्वसन, ग्राहकहित, कामाची जागा आणि दंडविधान अशा निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहे आणि यांतला प्रत्येक कायदा दुसऱ्याच कुणाला तरी डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. त्यामुळे उपचारकाने नेमके काय केले यापेक्षा त्याच्या दारावर कोणती पाटी आहे आणि तो कुठे बसतो, यावरच सेवार्थीचे पर्याय ठरतात. या क्षेत्रातील बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे. इजा उपचाराच्या नात्यातून होते. कायदा मात्र पदवी आणि इमारत पाहतो.

नियामक संस्था : उपचारक मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवीधर असेल, तर तक्रार राज्य वैद्यकीय परिषदेकडे (महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे) जाते. व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या विनियमांत रुग्णाशी अनुचित संबंध ठेवणे हे व्यावसायिक स्थानाचा गैरवापर म्हणून शिस्तभंगाचे कारण मानले आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळासाठी वा कायमची काढून घेऊ शकते. भरपाई देऊ शकत नाही. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध रुग्णाला अपील आहे का, हा मुद्दा वादग्रस्त आहे. जुने विनियम ‘कोणतीही व्यथित व्यक्ती’ असे म्हणतात, तर २०१९ च्या आयोग-कायद्याचे शब्द डॉक्टरपुरते आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली येतात. त्यांच्या गैरवर्तनाबद्दल नोंदवहीतून नाव काढता येते. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आज हा दंड बऱ्याच ठिकाणी एका तासाच्या फीपेक्षा कमी भरतो. स्वतःला केवळ समुपदेशक, थेरपिस्ट किंवा लाइफ कोच म्हणवणारे मात्र आजवर कोणाच्याच कक्षेत नव्हते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांचे काही प्रकार आले खरे, पण राज्य परिषदा वेळेत उभ्या राहिल्या नाहीत आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी मुदत घालून द्यावी लागली.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ : २९ मे २०१८ पासून अमलात. क्रूर व अपमानकारक वागणुकीपासून संरक्षण (कलम २०), गुप्तता (२३), स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क (२५) आणि सेवेतील उणिवांबद्दल तक्रारीचा हक्क (२८) ही त्याची जमेची बाजू. तक्रार आधी आस्थापनेच्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि शेवटी राज्य प्राधिकरणाकडे नेता येते. परंतु ‘आस्थापना’ या शब्दाची व्याख्या रुग्ण दाखल होऊन राहतात अशा जागेभोवती बांधलेली आहे, तर मानसोपचार बहुतांशी भाड्याच्या खोलीत किंवा मोबाइलच्या पडद्यावर चालतो. मंडळे कागदावरून प्रत्यक्षात यावीत यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालवावी लागली, हेही नोंदवायला हवे.

ग्राहक आयोग : सेवार्थीला स्वतःहून, वकिलाविना आणि उपचारकाची पदवी न विचारता ठोठावता येणारे दार बहुधा हेच. १९९५ च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांथा’ या निकालाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. वकिलांची सेवा या कायद्यातून वगळताना मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने शांथा निकालाच्या फेरविचाराची सूचना केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तशी गरज नसल्याचे सांगितले. २०१९ च्या ग्राहक कायद्यातील ‘त्रुटी’ची व्याख्या इथे विशेष महत्त्वाची आहे. सेवेच्या दर्जातला व पद्धतीतला दोष तर तिच्यात येतोच, शिवाय संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणेही येते. नोंदणी नसताना ती असल्याचे भासवणारा उपचारक म्हणूनच या व्याख्येत सहज सापडतो. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात, तेव्हा मानसोपचाराची जवळजवळ सगळीच तिथे सुरू होतील. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येत असल्याने सांगलीचा सेवार्थी दिल्लीच्या ऑनलाइन उपचारकाविरुद्ध सांगलीतच तक्रार करू शकतो. सर्वांनाच मोफत मिळणारी सेवा कक्षेबाहेर आहे. मालकाने किंवा विमा कंपनीने पैसे भरले असतील तर मात्र तो मोबदला धरावा, असे शांथा निकालातच म्हटले आहे. कंपन्यांच्या कर्मचारी-समुपदेशन योजनांना हे लागू पडते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

या मार्गावर एक आक्षेप असा की, शरीराच्या किंवा मनाच्या शोषणाला बिघडलेल्या फ्रिजच्या रांगेत बसवणे हे त्याचे गांभीर्य घालवणे आहे. आक्षेप भावनेला पटतो, पण ‘सेवेतील दोष’ ही चौकटच सेवार्थीच्या बाजूची आहे. न्यूयॉर्कमधील ‘रॉय विरुद्ध हार्टोग्स’ (१९७५–७६) खटल्यात मनोविकारतज्ज्ञाने उपचाराच्या नावाखाली रुग्णेशी शरीरसंबंध ठेवले होते. फूस लावल्याबद्दलचे दावे त्या राज्याने आधीच रद्द केले असल्याने हा दावाही चालू नये, असा त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळून हे चुकीच्या उपचाराचेच प्रकरण ठरवले. असे ठरले की संमती होती की नव्हती हा प्रश्न मागे पडतो आणि उपचारकाने आपले काम केले की नाही, हा पुढे येतो. भारतातही २०१० च्या ‘व्ही. किशन राव’ निकालानंतर प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचे मत लागत नाही. चूक उघड दिसत असेल तर ती तशीच पाहता येते. सेवार्थीशी शरीरसंबंध ठेवणे ही उपचारपद्धती नव्हे, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? खरी अडचण निराळी आहे. आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त असल्याने गुंतागुंतीचा वाद दिवाणी न्यायालयाकडे लोटण्याकडे कल असतो. शिवाय मुदत दोन वर्षांची आहे. आपल्याशी जे झाले ते गैर होते हे कळायलाच अनेकांना त्याहून अधिक काळ लागतो, कारण ते गैर नाही असे समजावणारी व्यक्ती उपचारकच असते. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. तक्रारीत हे कारण मोघम न लिहिता तारखांनिशी मांडणे श्रेयस्कर.

फौजदारी मार्ग : भारतीय न्याय संहितेचे कलम ६८ (पूर्वीचे भा. दं. वि. ३७६-क) हे उपचाराच्या नात्याला सर्वांत जवळचे. अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरवापर करून आपल्या ताब्यातील, देखरेखीखालील किंवा आवारातील स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त करणे हा गुन्हा असून, तो बलात्कारात मोडत नसला तरी किमान पाच व कमाल दहा वर्षे सक्तमजुरी आहे. या कल्पनेचा उगम महाराष्ट्रातला. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात घडलेल्या प्रकरणावरील ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने उठलेल्या संतापातून १९८३ ची दुरुस्ती झाली. तिने सरकारी नोकर, तुरुंग आणि रुग्णालय यांच्यासाठी स्वतंत्र कलमे आणली. २०१३ मध्ये ती एकत्र करून ‘विश्वासाचे नाते’ हे शब्द घातले गेले. खासगी समुपदेशक या शब्दांत बसावा असे वाटते. पण पडद्यावरून सुरू होऊन बाहेर हॉटेलात पोहोचलेल्या संबंधात ‘देखरेख’ आणि ‘आवार’ हे शब्द ताणावे लागतात. जर्मनीने १९९८ मध्ये आणि त्याआधी अमेरिकेतील विस्कॉन्सिन (१९८४) व मिनेसोटा (१९८५) या राज्यांनी उपचारक-सेवार्थी संबंधाचा थेट उल्लेख करून ही ओढाताण टाळली आहे. प्रौढ व्यक्तीच्या संमतीला कमी लेखणे हा पालकशाही दृष्टिकोन आहे, असे अशा कलमांविरुद्ध म्हटले जाते. परंतु ही कलमे सेवार्थीला काहीच मना करत नाहीत. बंधन पडते ते फक्त फी घेऊन विश्वास मिळवणाऱ्यावर. सेवार्थी उपचारकावर आपल्या भावना आरोपित करतो, म्हणून तक्रारी अविश्वसनीय ठरतात, हा दुसरा युक्तिवाद तर उलटाच लागू पडतो. भावनांचे हे आरोपण उपचारकाला प्रशिक्षणातच शिकवलेले असते, तेव्हा ते ठाऊक असून त्याचा फायदा घेणाऱ्याची जबाबदारी वाढते. कलम ६८ फक्त स्त्रियांसाठी आहे. नव्या संहितेत जुन्या ३७७ ची जागा घेणारे काहीच नसल्याने प्रौढ पुरुष सेवार्थीला लैंगिक गुन्ह्याची तरतूद जवळपास उरत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा आहे.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ कायदा, २०१३ : हा केवळ नोकरदार स्त्रियांचा कायदा आहे, हा समज चुकीचा. पीडित स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, आणि आरोग्यसेवेची ठिकाणे त्यात स्पष्टपणे येतात. रुग्णालयात अंतर्गत समितीकडे, तर दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या प्रकरणात जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुदत तीन महिने, कारण पटल्यास आणखी तीन.

पुरावा : उपचार बंद दाराआड होतो, म्हणून कागद हाच साक्षीदार. फीच्या यूपीआय नोंदी, भेटींच्या वेळा आणि सत्रांबाहेरचे संदेश यांवर बरेच काही तगते. संदेशांचे केवळ स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ फोन जपावा. डॉक्टरने मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असे २००२ चे विनियम सांगतात. डॉक्टर नसलेल्या उपचारकाला असे घड्याळ लावलेले नाही. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ग्राहक आयोगापुढे तशी आपोआप मिळणारी सावली नाही, आणि तक्रार करताना स्वतःच्या सत्रांतील मजकूर पटलावर येऊ शकतो.

दिवाणी दावा : नुकसानभरपाईसाठी शक्य, न्यायालयीन शुल्क व कालावधी यांमुळे विरळा.

अल्पवयीन सेवार्थी : २०१२ चा पोक्सो कायदा लागू, विश्वासाच्या स्थानावरील व्यक्तीला वाढीव शिक्षा, आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन, मग तो दुसरा उपचारक का असेना.