मंदिर, पर्णकुटी आणि महाल

पुण्यात कोरेगाव पार्क किंवा कल्याणीनगर म्हटले की श्रीमंती डोळ्यांसमोर येते आणि येरवडा म्हटले की तुरुंग. प्रत्यक्षात ही सगळी शेजारशेजारची वस्ती.

इंग्रजांनी १८६९ मध्ये मुळा-मुठेवर फिट्झगेराल्ड पूल बांधला आणि १८७१ मध्ये नदीपलीकडे हा तुरुंग. तेव्हा ती जागा शहराबाहेर होती. पुढे शहरच तिथवर आले, आणि आले तेही आपली बंगल्यांची बाजू घेऊन.

मी पडलो कवी, माझे लक्ष आधी नावांकडे जाते. गांधीजींनी १९३० मध्ये या तुरुंगातून आश्रमवासीयांना पत्रे लिहिली, त्यांत तुरुंगाचे नाव ‘येरवडा मंदिर’. जवळच्या टेकडीवर लेडी प्रेमलीला ठाकरसींचा ऐसपैस बंगला, त्याचे नाव मात्र ‘पर्णकुटी’! ८ मे १९३३ रोजी गांधीजी सुटले आणि एकवीस दिवसांचा उपवास त्यांनी या ‘कुटी’त पुरा केला.

तिसरी वास्तू आगाखान महाल. परिसरातल्या दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे म्हणून तिसऱ्या आगाखानांनी तो १८९२ मध्ये बांधला, असे सांगतात. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने या महालाचाच तुरुंग केला. कमानी, रुंद व्हरांडे, बाग, आणि भोवती पहारा. आठवडाभरात, १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथे वारले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. कस्तुरबांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत गांधीजींनी सरकारला कळवले की, एवढ्या मोठ्या जागेत मला ठेवणे म्हणजे लोकांच्या पैशाची नासाडी आहे. मी कुठल्याही तुरुंगात राहीन. पत्नीच्या दुःखातही या माणसाला खर्चाचा हिशेब सुटला नाही!

आज महाल पाहायला तिकीट काढून जाता येते. २६ जानेवारी २०२१ पासून तुरुंग दाखवण्याचीही योजना सुरू झाली. दाखवण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. पुणे करार १९३२ मध्ये तिथलाच. पण बराकी अशा योजनेत दिसत नाहीत. सुमारे अडीच हजारांची सोय असलेल्या या तुरुंगात अलीकडच्या वर्षांत त्याच्या दुपटीहून जास्त माणसे राहिली. आपल्या देशातल्या तुरुंगांत बहुतेक कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. त्यांतल्या काहींना जामीन मंजूर झालेला असतो, पण रक्कम भरायला घरी पैसे नसतात. अशांना मदत देण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात केली. ती रक्कम कधीकधी भिंतीपलीकडच्या हॉटेलातल्या एका मेजवानीच्या बिलाएवढीच असते.