कंपनीचा फोन येत नाही तोवर : थेरगावात नोकरी शोधताना मन आणि खिसा कसा सांभाळायचा

थेरगावात डांगे चौकाच्या आसपास कॉट बेसिसवर राहणारी बरीच पोरं बाहेरगावची असतात. कुणाकडे आयटीआयचं सर्टिफिकेट, कुणाकडे डिप्लोमा, कुणी नुसता बारावी. एका बाजूला हिंजवडी, दुसऱ्या बाजूला चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण. या पट्ट्यात काम आहे, पण ते मिळेपर्यंतचे दिवस माणसाला पोखरतात. भाडं चालू असतं, मेसवाला महिना भरला की पैसे मागतो, आणि संध्याकाळी गावाकडून ठरलेला फोन येतो, "लागलं का काही?"

गेटवरून परत यावं लागलं की पहिला विचार येतो, आपल्यातच काही कमी आहे. बऱ्याचदा तसं नसतं. लाईनवरची पुष्कळशी भरती ठेकेदारामार्फत होते आणि किती माणसं घ्यायची हे कंपनीच्या ऑर्डरवर ठरतं. दसरा-दिवाळीच्या आधी गाड्यांची मागणी वाढते, तेव्हा माणसं घेतली जातात. सण सरला की कमी केली जातात. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवणं थांबलं, तेव्हा वर्षानुवर्षं काम केलेले कायम कामगारही घरी बसले. त्यांच्या हातातलं कसब काही एका रात्रीत गेलं नव्हतं. तोच कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

रिकामा दिवस जास्त त्रास देतो

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचं गाव आहे. १९२९-३० च्या सुमारास तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर होता, तरी लोकांचं वाचन वाढलं नाही, उलट वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुषांची रस्त्यावरची चाल मंदावली. दिवसभर काय केलं, हे त्यांना धड सांगता येईना. पगारासोबत दिवसाची घडीही गेली होती.

खोलीत दुपारपर्यंत पडून मोबाईल बघणाऱ्याला हे लगेच कळेल. कामावर जायच्या वेळीच उठावं, आंघोळ करून बाहेर पडावं. सकाळचे तीन-चार तास शोधासाठी ठेवावेत: कुठे गेलो, कुणाला भेटलो, नंबर काय, पुन्हा कधी विचारायचं, हे वहीत लिहावं. मग मात्र शोध बंद. दर दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून नोकरी लवकर लागत नाही, झोप तेवढी जाते. उरलेल्या वेळात मिळेल ते रोजाचं काम करायला लाजू नये.

फुकट मिळणाऱ्या गोष्टी

राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथे मिळते. आयटीआय झालेल्यांनी अ‍ॅप्रेंटिसशिपचाही विचार करावा. १९६१ च्या कायद्यानुसार त्यात विद्यावेतन आणि प्रमाणपत्र मिळतं. ट्रेनिंग संपल्यावर कंपनी कायम करेलच असं नाही, हे आधीच धरून चालावं, म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

आधी कुठे काम केलं असेल तर पीएफचा यूएएन नंबर आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवाव्यात. नोकरी बदलली तरी यूएएन एकच राहतो. ठेकेदाराने शेवटचा पगार बुडवला, तर कायद्याने तो देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. "ठेकेदार पळाला, आता काय करायचं" म्हणून सोडून देऊ नये, कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करावी.

घाबरलेला माणूस लवकर फसतो

नामांकित कंपनीच्या नावाने मेसेज येतो: रजिस्ट्रेशनचे, मेडिकलचे, ड्रेसचे पैसे आधी भरा. महिनाभर रिकामा बसलेला मुलगा विचार न करता भरून टाकतो. कामाच्या आधी पैसे मागितले की तिथेच थांबावं. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नये, झेरॉक्स द्यावी. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाईनला ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपपासून तर लांबच राहावं. त्यापेक्षा घरमालकाला खरं सांगून पंधरा दिवसांची मुदत मागितलेली बरी.

गावाकडच्यांसाठी

आई-वडिलांचा प्रश्न काळजीपोटीच असतो, पण रोज तोच ऐकला की पोरगं फोन उचलणं टाळतं, नाहीतर "लागलं" म्हणून खोटं सांगतं. आठवड्यातून एक दिवस ठरवून नोकरीचं विचारावं. बाकीचे दिवस जेवण, पाऊस, म्हैस व्याली का, यावर बोलावं.

सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, दारू वाढली असेल, तर नुसतं "धीर धर" म्हणून भागत नाही. आणि जगण्यात अर्थ नाही असं कुणी एकदा जरी बोललं, तरी त्याला एकटं सोडू नये. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर २४ तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. खोलीतला मित्रसुद्धा त्याच्यासाठी हा फोन लावू शकतो.